तिसऱ्या रांगेतून दिलेले दोन शब्द

दादा,

गेल्या रविवारी मी नाटकाला गेले होते. परभणीतच, एकटी, दुपारच्या प्रयोगाला. माझ्या मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांचा फोन वाजला. वाजला तर वाजला, पण त्यांनी तो उचलला आणि "नाटकात हाय, बोल," म्हणून पलीकडच्याला मोकळीक दिली. तिकडे रंगमंचावर एक बाई शेवटच्या घटका मोजतेय आणि इकडे उद्या सकाळी ट्रॅक्टर कुणी न्यायचा याचा निकाल लागतोय. मी मागे वळले आणि म्हणाले, "इथं बाकीची माणसं बसली आहेत." गृहस्थ वरमले. आजूबाजूच्या दोघातिघांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. एरवी अशा वेळी मला बरं वाटतं. निवृत्त शिक्षिकेला याहून जास्त काय हवं असतं. पण या वेळी ते वाक्य तोंडातून सुटलं आणि माझ्या लक्षात आलं की हेच वाक्य, याच आवाजात, याच सभागृहात मी एकदा तुम्हाला म्हटलं होतं. त्यानंतरचं नाटक मी पाहिलं नाही. म्हणजे शेवटपर्यंत बसले होते, पाहिलं नाही.

तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होत आली. तेव्हापासून मी तुमच्याशी मनात पुष्कळ भांडले, पण लिहिलं कधी नाही. लिहिणं हे तुमचं काम होतं. पाथरीला तहसीलीबाहेर लिंबाच्या झाडाखाली लाकडी पेटीवर कागद ठेवून तुम्ही लोकांचे अर्ज लिहायचात. तुमची शाळा निजामाच्या काळातली, त्यामुळे उर्दूत तुमचा हात पाण्यासारखा चालायचा आणि मराठीत दगडावरून चालल्यासारखा. मला मात्र तुम्ही दहाव्या वर्षी औरंगाबादला सिस्टरांच्या शाळेत, वसतिगृहात नेऊन ठेवलंत. आपल्या पोरीनं साहेबाला त्याच्याच भाषेत सुनवावं, अशी तुमची हौस. ती फिटली, फक्त ऐकून घ्यायला बहुतेक वेळा घरचीच माणसं होती. सिस्टरांनी मला इंग्रजी शिकवलं आणि घंटा झाली की तोंड बंद ठेवायला शिकवलं. प्रार्थनेला, जेवताना, रांगेत. पुढे चौतीस वर्षं मी तेच दुसऱ्यांच्या मुलांना शिकवलं आणि ते किती मोठं शिक्षण आहे असं समजत राहिले.

तुमचा खरा जीव मात्र लिंबाखाली नव्हता. गणपतीत पाथरीचं मंडळ नाटक करायचं आणि त्याचे प्रॉम्प्टर तुम्ही. सुट्टीत घरी आले की मी तालमीला तुमच्याबरोबर यायची. विंगेत एक उपडा डबा, त्यावर तुम्ही, तुमच्या पायाशी मी. मांडीवर ती जाड वही, अख्खं मराठी नाटक उर्दू लिपीत उतरवलेलं, उजवीकडून डावीकडे. तुमच्याशिवाय ती कुणाला वाचता यायची नाही, त्यामुळे तुम्हाला ताप आला की मंडळालाच ताप यायचा. तुम्ही मला सांगायचात, "पुरं वाक्य द्यायचं न्हाई बाई. दोनच लफ्ज द्यायचे. तिसरा दिला की त्याची इज्जत गेली." आणि थांबलेला नट आणि विसरलेला नट यांतला फरक कसा ओळखायचा, तेही तुम्हीच शिकवलं होतं. थांबलेला माणूस समोरच्याकडं बघतो. विसरलेला आपल्या हाताकडं बघतो. मी तेव्हा अकरा वर्षांची असेन. पण हे मला पक्कं येत होतं, दादा. हे विसरू नका, कारण पुढे याचाच प्रश्न येणार आहे.

तो दिवस मी ठरवला होता. आई जाऊन वर्ष झालेलं, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन महिने. मुंबईच्या कंपनीचं नाटक परभणीला येणार, दुपारी तीनचा प्रयोग, आणि नाटक तेच, जे तुम्ही पाथरीला ओळीने पाच वर्षं विंगेतून शब्द देत धरलं होतं. मी तिसऱ्या रांगेतल्या दोन जागा मिळवल्या आणि तुम्हाला सकाळच्या गाडीने बोलावून घेतलं. तुम्ही एसटीतून उतरताय, पांढरं धोतर, काळी टोपी, हातात पिशवी. पिशवीत हुरडा. "गरम व्हता, वाटेत मानवतपस्तोर," तुम्ही म्हणालात. मी म्हणाले, आता हे नाटकात घेऊन बसायचं का? तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे मग," आणि पिशवी माझ्या स्कूटरच्या डिकीत गेली. तो हुरडा दोन दिवसांनी मी टाकून दिला.

आधी चष्म्याच्या दुकानात गेलो. तिथल्या वाचायच्या कार्डावर चार भाषांत मजकूर होता. दुकानदाराने मराठीवर बोट ठेवलं आणि तुम्ही सरळ खालच्या उर्दूवर गेलात, भरभर, चालीत वाचायला लागलात. दुकानदार काउंटरच्या बाहेर आला. "चाचा, ये तो आजकल हमारे बच्चे नहीं पढ़ते," तो म्हणाला. मग तुम्हा दोघांचं जे सुरू झालं ते संपेना. कोणत्या मास्तरांनी कशी छडी मारली, कुणाचं अक्षर कसं होतं. तुम्ही हसत होता. मी घड्याळ बघत होते. शेवटी मी म्हणाले, "दादा, चष्मा बसतोय का तेवढं सांगा." तुम्ही लगेच गंभीर झालात आणि म्हणालात, "बसतो की." तसा तो नाकावर थोडा घसरत होता, ते मला नंतर दिसलं.

जेवायला मी तुम्हाला टेबलावर पांढरं कापड घालणाऱ्या हॉटेलात नेलं. तुम्ही भाकरी मागितलीत, वेटरने रोटीच्या सहा प्रकारांची नावं सांगितली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "बाई सांगंल ते." मग शर्टाचं कापड घेतलं. रंग मीच निवडला. दिवसभर तुम्ही "व्हय" आणि "बरं" यांच्यापलीकडे माझ्याशी फारसं बोलला नाहीत, आणि मी मात्र अखंड बोलत होते. रिक्षावाल्याला बोलले, कापडवाल्याला बोलले, रस्त्यात म्हैस सोडणाऱ्याला बोलले. तुम्ही माझ्यामागे कापडाची पिशवी धरून चालत होता.

नाटकाआधी पाऊण तास सत्कार झाले. हार, शाली, नारळ, ज्यांचा नाटकाशी काहीही संबंध नाही अशा माणसांची भाषणं. मी धुमसत होते. आमच्याच रांगेत, दोन खुर्च्या सोडून, माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका बसलेल्या. त्या वर्षी पर्यवेक्षिकेची जागा रिकामी व्हायची होती, तेव्हा माझं निम्मं लक्ष त्यांच्याकडे. तुम्ही भाषणांतही पडद्याकडेच बघत होता. पडदा उघडला आणि तुमचे ओठ हलायला लागले. आवाज नाही, नुसते ओठ. मी एकदा कोपराने ढोसलं. थांबले. पुन्हा हलायला लागले. मी सोडून दिलं.

पहिल्या अंकाच्या शेवटाकडे तो प्रसंग आला. म्हातारा बाप मुलाला शेत विकू नकोस म्हणून सांगतो, मुलगा तोडून बोलतो, आणि बापाचं लांबलचक भाषण सुरू होतं. बापाचं काम करणारा नट तेव्हा फार नावाजलेला. चार वाक्यं झाली आणि तो थांबला. सगळं सभागृह शांत. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, पण खोकला आलेल्या माणसांनीही तो दाबून धरला होता. आणि मग माझ्या उजव्या कानाशी तुमचा आवाज आला, कोरडा, सरळ, रंगमंचापर्यंत पोहोचेल इतकाच:

"तेव्हा विहिरीत."

दोनच शब्द. विंगेतून ते पाच फूट जायचे, इथं त्यांना वीस-पंचवीस फूट जायचं होतं, म्हणून तेवढा जोर. नटाने श्वास घेतला आणि तो पुढे गेला: तेव्हा विहिरीत पाणी होतं आणि घरात माणसं होती. पण सभागृह फुटलं होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "आज्या, चढा की स्टेजवरच." हशा झाला. मुख्याध्यापिका वाकून आमच्याकडे बघत होत्या. मी तुमचं मनगट पकडलं, जोरात, आणि म्हणाले, "दादा, गप्प बसा. ही पाथरी नाही. इथं बाकीची माणसं बसली आहेत." तुम्ही तळहात तोंडावर ठेवलात. अंक संपेपर्यंत तो तसाच होता, लहान मुलाला तोंडावर बोट ठेवायला सांगितल्यावर ते ठेवतं, तसा. मी वर्गात असे हात हजारो वेळा पाहिले आहेत. सत्तरीच्या माणसाचा तो एकच.

मध्यंतर झालं. तुम्ही उठला नाहीत. मी एकटीच बाहेर चहाच्या टेबलापाशी आले, खरं म्हणजे तुमच्यापासून लांब आले. मुख्याध्यापिका तिथेच होत्या. तेवढ्यात नाटकाच्या कंपनीतली एक बाई, गळ्यात दोरीला चष्मा, गर्दीत विचारत विचारत आमच्यापर्यंत आली. "तिसऱ्या रांगेतले आजोबा कुणाबरोबर आहेत हो? शब्द दिला ते?" मला वाटलं, आता तक्रार. मी म्हणाले, "का?" ती म्हणाली, "आमचे सर पार विसरले होते. त्या जागी ते कधी अडकत नाहीत, आज काय झालं कळेना. विंगेतला आमचा माणूस दुसऱ्याच पानावर. सर आत म्हणतायत की कोण आहे तो माणूस, मोजून दोन शब्द दिले, तिसरा नाही. असं धरणारे आता राहिले नाहीत म्हणतात. नाटक संपल्यावर त्यांना आत घेऊन या, नाहीतर ते स्वतः बाहेर येतील."

दादा, मी काय म्हणाले सांगते. मी म्हणाले, "ते गेले. त्यांना बरं वाटत नव्हतं."

ती बाई हळहळली. पत्ता विचारला. मी म्हणाले, माहीत नाही, बाहेरगावचे होते. ती गेल्यावर मुख्याध्यापिका माझ्याकडे वळल्या. "अहो, ते तुमचे वडील ना?" त्या म्हणाल्या. "आत तर बसलेत. बोलवा की त्यांना. केवढी मोठी गोष्ट आहे." मी म्हणाले, "नको बाई, त्यांची बस आहे." आणि मग ते खोटं खरं करण्यासाठी मी आत आले आणि तुम्हाला म्हणाले, "चला, गाडी चुकेल." तुम्ही पडद्याकडे पाहिलंत. "दुसरा अंक?" तुम्ही विचारलंत. मी पर्स उचलली. तुम्ही उठलात. बाहेर ऊन होतं. पाथरीला त्यानंतर आणखी तीन गाड्या होत्या, आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

बसस्टँडवर बाकड्यावर बसून तुम्ही फक्त एक प्रश्न विचारला. "बाई, थांबला व्हता का इसरला व्हता त्यो?" तुमचे डोळे त्या ऑपरेशननंतर प्रकाशाने दिपायचे, नट हाताकडे बघत होता की समोर, ते तुम्हाला नीट दिसलं नव्हतं. तुम्ही नुसत्या श्वासावर ठरवलं होतं आणि आता तुमची खात्री डळमळली होती. मला दिसलं होतं. तो आपल्या हातांकडे बघत होता. ते मी त्या बाईने सांगण्याआधीच ओळखलं होतं, तुमचं मनगट धरलं तेव्हासुद्धा मला ते ठाऊक होतं. आणि मी म्हणाले, "थांबला होता. तो अभिनय होता, दादा. तुम्ही मोडलात."

"अस्सं," तुम्ही म्हणालात. आणि मग, "लय वाईट झालं."

त्या वर्षी गणपतीत मंडळाची माणसं तुम्हाला बोलवायला आली, तेव्हा मी योगायोगाने पाथरीला होते. स्वयंपाकघरात तुमच्यासाठी पिठलं टाकत होते. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. "अर्जनवीस साब, तुमच्याबिगर कसं व्हायचं?" ते म्हणत होते. तुम्ही म्हणालात, "आता आमचा अंदाज चुकायलाय. थांबलेल्या माणसाला बी आमी हाक मारायलोत. दुसरा बघा कुणीतरी." त्यातला एक जण हसून म्हणाला, "तुमची वही कोण वाचणार मग? तुमचं तिकडून इकडं जातंय." तुम्ही हसला नाहीत. मी पिठल्याखालचा जाळ कमी केला आणि ढवळत राहिले. तेव्हा बाहेर येऊन एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं.

जेवण झाल्यावर तुम्ही पेटीतून कागद काढलात. त्या नटाच्या नावाने अर्ज लिहिला होता, मराठीत, प्रत्येक अक्षर कोरून काढलेलं. तुमची पद्धत अशी की अर्ज लिहून झाला की ज्याचा आहे त्याला तो मोठ्याने वाचून दाखवायचा, मगच सही. या वेळी अर्जदार तुम्हीच होता, म्हणून मला वाचून दाखवलात. खाली सही करणार राहणार पाथरी, याच्या हातून भर प्रयोगात बेअदबी झाली, वयामुळे समज कमी झाली, तरी मेहरबानी करून कसूर माफ करावी. सगळा मजकूर तहसीलदाराला लिहितात तसा. वाचून झाल्यावर तुम्ही मला विचारलंत, "मजमून बराबर हाय का?" मी म्हणाले, मजकूर बरोबर आहे. "मग तू पाठव. तुला पत्ता भेटंल." मी पाकीट पर्समध्ये टाकलं.

पुढच्या खेपेला तुम्ही विचारलंत, "जवाब आला का?" मी म्हणाले, पाठवलंय, येईल. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा विचारलंत. मी म्हणाले, "दादा, मोठी माणसं असल्या पत्रांना उत्तरं देत नसतात." तुम्ही मान हलवलीत. "बराबर हाय. नाराज असंल त्यो. कुणी बी व्हईल." त्यानंतर विचारलं नाहीत. दीड वर्षाने तुम्ही गेलात. ज्या माणसाने तुमची जाण ओळखली होती, तो आपल्यावर रागावलाय, अशी समजूत घेऊन गेलात. ती समजूत मी करून दिली होती.

मला तुमचाही राग येतो, हेही लिहिते. तुम्ही माझं म्हणणं इतकं मुकाट्याने का मान्य केलंत? आयुष्यभर परक्या माणसांसाठी साहेबांपुढे तक्रारी मांडल्यात, आणि स्वतःच्या पोरीला एकदा उलटून विचारलं नाहीत की तुला कसं ठाऊक, तू काय बघितलंस? एकदा विचारलं असतंत तर मी कदाचित सांगितलं असतं. पण हे म्हणणं सोयीचं आहे, ते मला कळतं. मला सांगायचं असतं तर तुम्हाला विचारायला लावलं नसतं.

ते पाकीट माझ्या लोखंडी कपाटात आहे. तो नट अजून आहे, थकलाय, कुठे कुठे सत्कार घेताना टीव्हीवर दिसतो. पाठवायचं म्हटलं तर आजही पाठवता येईल, आणि त्याला बहुधा तो दिवस आठवेल, आणि तो उत्तर देईल. म्हणूनच पाठवत नाही. हे कागदही त्याच कप्प्यात ठेवीन.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला लाज वाटली, शेजारी मुख्याध्यापिका होत्या, पर्यवेक्षिकेच्या जागेचा प्रश्न होता, माणूस घाबरतो. हे ऐकणाऱ्याला पटतं. मी एकदोघींना सांगून पाहिलंय, त्यांना लगेच पटलं. पण लाज तर त्या चहाच्या टेबलापाशीच संपली होती. मुख्याध्यापिकाच म्हणत होत्या, बोलवा त्यांना. तरी मी नको म्हणाले. तो सगळा दिवस मी मांडला होता, दादा. चष्मा, जेवण, कापड, तिसरी रांग. सकाळपासून मी वाट बघत होते की तुम्ही कधीतरी माझ्याकडे वळून म्हणाल, बाई, आज लय बरं वाटलं. तुम्ही चष्मेवाल्याशी हसलात, माझ्याशी नाही. आणि आता एक परका माणूस पाच मिनिटांत तुम्हाला ते देणार होता, जे मला सबंध दिवसात देता आलं नव्हतं. तुम्ही आत गेला असतात, तर मरेपर्यंत लिंबाखाली ती एकच गोष्ट सांगत बसला असतात, आणि त्या गोष्टीत मी नुसती घेऊन जाणारी असते. ते मला नको होतं. मी आता सत्तरीला आलेय, तुम्ही त्या दिवशी होता तेवढी, आणि कंपनीतली ती बाई आज पुन्हा निरोप घेऊन समोर आली तर मी लगेच "आहेत, आतच बसलेत" म्हणेन, याची मला अजून खात्री देता येत नाही.